बोचक्यातल्या पिसवा

पोरीच्या पाठीला तेल चोळताना शालनच्या अंगठ्याखाली काहीतरी खरखरलं. तिनं पोरीला पायांवर पालथं घातलं आणि खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. कमरेच्या वर तीन तांबडे ठिपके होते, एका रांगेत. घोट्यावर दोन. मांडीच्या वळीत एक, आणि त्याच्याभोवतीचं कातडं सुजून चकचकीत झालेलं.

बावीस दिवसांची पोर. रडायचंही बळ नव्हतं तिच्यात, नुसती कण्हत होती.

शालननं हात पदराला पुसला, शेजारचं दुपटं उचलून झटकलं. फरशीवर एक काळा कण पडला. ती वाकून बघेपर्यंत तो कण उडाला.

"पिसवा हायत गं," ती म्हणाली.

कॉटवर कानाला फडकं बांधून बसलेली तिची लेक क्रांती दाराकडं बघत म्हणाली, "हळू बोल."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण शालनचं गाव आटपाडीच्या पलीकडं, तळेवाडी. तिथं फाल्गुनापासूनच टँकर आठव्या दिवशी यायचा आणि एका घराला दोन बॅरल पाणी मिळायचं. त्यात बाळंतिणीला अंघोळ घालायची का प्यायचं? शालनचा नवरा चार वर्षांमागं वारला होता. पोरगा सिद्धू कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात. तेव्हा क्रांतीची सासू चंद्राबाई स्वतःच फोनवर म्हणाली होती, "तुमीच या हिकडं. कृष्णाकाठी पान्याला काय तोटा?" शालननं दोन शेळ्या विकल्या, घराला कुलूप लावलं आणि एक पिशवी, एक बोचकं घेऊन लेकीच्या दारात येऊन उतरली. त्या दिवशी क्रांतीच्या सासरगावच्या, नरसोळीच्या आळीतल्या बायका चंद्राबाईच्या मोठेपणाचं कौतुक करून गेल्या होत्या.

चंद्राबाई हळिवाची वाटी घेऊन आत आली आणि पोरीची पाठ बघून थांबली.

"आगं बया. ह्ये काय चावलंय?"

"पिसू हाय," शालन म्हणाली.

"पिसू? आमच्यात?" चंद्राबाईनं वाटी खिडकीत ठेवली. "बत्तीस वर्सं झाली मला ह्या घरात येऊन. ढेकूण न्हाई, ऊ न्हाई. पिसू तर मी डोळ्यानं बगितली न्हाई." ती एवढ्या मोठ्यानं बोलली, की ते सोप्यात बसलेल्या माणसासाठी होतं हे दोघींना कळलं.

सोप्यात क्रांतीचे सासरे लालासाहेब दाढी करत होते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून घरी आलेले. स्लॅबचं घर, फरशी, पुढं लोखंडी गेट, सगळं त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. शोकेसमध्ये वरच्या खणात त्यांची मेडलं, खालच्या दोन खणांत रुस्तुमच्या ढाली. रुस्तुम हे त्यांचं शर्यतीचं कुत्रं. पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे. आसपासच्या पाच-सात गावांच्या जत्रांत त्यानं नंबर काढला होता. सकाळी त्याला दूध आणि अंडी, संध्याकाळी खिमा. जिन्याखाली फौजेतल्या जाड कांबळ्यावर त्याची झोपायची जागा.

लालासाहेबांनी तोंड पुसलं, पायजम्याचा पाय वर केला आणि स्वतःची पोटरी बघितली. चावल्याच्या पाच-सहा लाल गांधी उठल्या होत्या. ओरबाडून रक्त आलेलं.

"इहीनबाई," त्यांनी हाक मारली. "जरा भाईर या."

शालन डोक्यावरचा पदर सारखा करून दारात आली.

"तुमच्याकडं शेळ्या हायत न्हवं?"

"दोन हुत्या. इकल्या."

"कवा इकल्या?"

"हिकडं निघायच्या आदल्या दिशी."

"म्हंजी आदल्या दिसापत्तोर तुमी शेळ्यांत हुता."

शेळ्या परड्यात बांधलेल्या असायच्या, घरात कधी येत नव्हत्या, हे शालनला सांगायचं होतं. पण लालासाहेबांनी तोवर चंद्राबाईकडं बघून मान हलवली होती. त्याच वेळी जिन्याखाली रुस्तुम अंग खाजवू लागला. त्याची मागची तंगडी फरशीवर धाड् धाड् आपटत राहिली. कुणीही तिकडं मान वळवली नाही. आवाज थांबल्यावर लालासाहेब म्हणाले, "सोर्स कळला की निम्मं काम झालं. आता सफाई."

त्याच सकाळी शालनची पिशवी आणि बोचकं चंद्राबाईनं काठीच्या टोकाला अडकवून गोठ्यात नेऊन टाकलं. "राग मानू नका हं," ती म्हणाली. "ल्हान जीव हाय घरात."

शालननं राग मानला नाही. आपल्यामुळं झालं असेल तर आपणच निस्तरावं, असं तिला वाटलं. खरंच बोचक्यातून आल्या असतील का, याचाही तिनं विचार केला. तिनं गोठ्यात जाऊन बोचकं सोडलं, एक-एक कापड उन्हात उलटंपालटं करून शिवणीत नखं घालून बघितलं. काही सापडलं नाही. तरी तिनं सगळं उकळत्या पाण्यात घातलं.

मग ती घराला लागली. आकाराम गड्यानं परसात तीन दगडांची चूल मांडून दिली. शालननं घरातली पांघरुणं, चादरी, उशांचे अभ्रे एकेक करून कढत पाण्यात बुडवले आणि काठीनं ढवळले. एप्रिलचं ऊन, खालून जाळ. वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत शेकून निघाले. ओल्या चादरी दोघांनी पिळायच्या असतात. आकाराम जनावरांकडं गेला की ती एकटीच एक टोक आंब्याच्या बुंध्याला बांधून पिळायची. दुपारी फरशीच्या सांध्यांतून मीठ भरलं, ते तासानं झाडून काढलं, परत भरलं. ओढ्याच्या कडेनं निरगुडीचा पाला आणून प्रत्येक गादीखाली घातला. सोफा भिंतीपासून ओढून त्याच्या खालची जागा चुन्याच्या निवळीनं पुसली. चंद्राबाई दारात उभी राहून बोटानं दाखवायची. "तितं ऱ्हायलं. त्या कोपऱ्यात."

दुसऱ्या दिवसापासून शालनचं ताट वेगळं झालं. ॲल्युमिनियमची जुनी थाळी, परसातल्या पायरीवर ठेवलेली. ताट ठेवताना चंद्राबाई वर बघत नसे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पोरीला न्हाऊ घालायपुरतं घ्या. बाकीच्या येळेला नगं. तुमी त्या चादरींत हात घालताय."

"हात धुतीया की मी."

"धुता, पर कापडं?"

क्रांती कॉटवरून ऐकत होती. ती पोरीला छातीशी लावून भिंतीकडं वळली.

चौथ्या दिवशी सकाळी लालासाहेब आणि आकाराम रुस्तुमला पळवायला घेऊन गेले. लालासाहेब मोटरसायकल चालवायचे, आकाराम मागं उलटा बसून दोर धरायचा आणि कुत्रं पाठीमागून पळायचं. चंद्राबाई मळ्यात गेली होती, सोपा मोकळा होता. शालन जिन्याखाली झाडायला बसली आणि ते जाड कांबळं तिनं उचललं.

खाली मिरपूड सांडल्यासारखं काळं पसरलं होतं. त्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे वळवळत होते. कांबळ्याच्या घडीतून पिसवा भुरभुरून तिच्या हातावर उडाल्या. शेळ्या पाळलेल्या बाईला ते काय आहे हे कुणी सांगायला नको होतं. तिनं ओल्या फडक्यावर त्यातली चिमूट घेतली आणि दाबली. फडक्यावर काळ्याचा तांबडा डाग झाला. रक्त होतं ते, पिसवांच्या पोटातून पडलेलं.

ती फडकं घेऊन क्रांतीकडं गेली.

"बग. कुत्र्याच्या खाली हाय समदं. हितनंच निघत्यात. मी चार दिस चादरी उकळतीया, आन ह्या हितं इत्या हायत की पसाभर भरतील."

क्रांतीनं फडक्याकडं बघितलं. तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"माघापासनं. पोटूशी हुते तवाच माज्या पायाला चावत हुत्या."

शालन कॉटच्या कडेला टेकली. चंद्राबाईनं कॉटवर बसू नका म्हणून सांगितलं होतं, ते आठवून ती लगेच उठली. "आन बोलली न्हाईस?"

"ह्यांना बोलले हुते फोनवर." क्रांतीचा नवरा इंद्रजित फौजेत, पठाणकोटला. "त्ये म्हनले, रुस्तुमचं नाव काडू नगंस. आमच्या आण्णांचं डोस्कं फिरंल."

"सासूला सांगायचं."

"आत्याबाईंना ठावं न्हाई व्हय? मागल्या साली त्याच म्हनल्या हुत्या, कुत्र्याचा वास येतोय, गोठ्यात बांदा. मामा काय बोलले न्हाईत. आकारामकडनं आत्याबाईंची खाट उचलली आन गोठ्यात टाकली. आट दिस झोपल्यात त्या म्हशीजवळ. समदी आळी बगून गेली."

"मग मी सांगते त्यास्नी. मला काय करत्यात?"

"तुला काय करायचे न्हाईत." क्रांतीचा आवाज एकदम चढला, मग खाली आला. "तू जाशील गं गावाला. मला हितं ऱ्हायाचं हाय. त्यात पोरगी झालीया. पेढं सुद्धा वाटलं न्हाईत त्यांनी, तुज्यासमोर झालंय की. आता कुत्र्याचं नाव घेतलं तर म्हनतील, आईनं शिकवलं."

शालननं फडकं चुलीत टाकलं. दुपारी रुस्तुम परत आला, जीभ बाहेर काढून कांबळ्यावर पसरला.

पोरीच्या अंगावर नवे ठिपके येत राहिले. एक डोळ्याच्या खाली आला आणि डोळा निम्मा मिटला. तेव्हा लालासाहेब म्हणाले, "फवारणी. उद्या सकाळी आठ वाजता घर खाली पायजे."

आठ वाजता आकारामनं पाठीवर पंप बांधला. घरातलं जे जे कापडाचं होतं ते अंगणात आलं. क्रांतीनं पोरीला शेजारच्या पूजाच्या घरी नेऊन दिलं. पूजा त्यांच्या भावकीतली, नवीन लग्न झालेली. ती पोरीला खांद्यावर टाकून कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी राहिली आणि आणखी दोघी-तिघी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

लालासाहेब हातात काठी घेऊन ढिगाभोवती फिरत होते. जुनी गादी, "जाळ." फाटका पडदा, "जाळ." मग काठीच्या टोकाला एक लहान वाकळ आली. हातभर लांबीची, बारीक टाक्यांची. शालननं ती सहा महिने शिवली होती. त्यात क्रांतीच्या बापाचा गुलाबी पटका होता आणि क्रांतीच्या शाळेच्या ड्रेसचा निळा तुकडा.

"ही कुटली?"

"मी आनली पोरीला," शालन म्हणाली. "उकळून काडलीया दोनदा."

लालासाहेबांनी काठी पुढं केली आणि वाकळ जाळाच्या ढिगावर सोडली. ती आतून अजून ओली होती, म्हणून लवकर पेटली नाही. बराच वेळ नुसता धूर निघाला. आकारामला ती दोनदा उलटी करावी लागली.

मग आकाराम आत गेला आणि जिन्याखालचं कांबळं फरफटत घेऊन आला. ढिगापाशी येऊन तो थांबला.

"त्ये ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाले. "त्याबिगर त्याला झोप लागत न्हाई. पंधरा दिसांवर शर्यत हाय. उनात झटक आन परत ठिव."

"सायेब, ह्यात..." आकाराम म्हणाला.

"काय?"

आकारामनं शालनकडं एकदा बघितलं. "काय न्हाई," तो म्हणाला आणि कांबळं तारेवर टाकलं.

भिंतीपलीकडून एक बाई म्हणाली, "चंद्रावैनी, कुटनं आल्या वं पिसवा? तुमचं तर घर आरशागत आसतं."

चंद्राबाई नवऱ्याकडं बघायला लागली. लालासाहेबांनी काठी जमिनीवर टेकवली.

"कुनावर उगंच आळ नगं," ते म्हणाले. "तिलाच इच्यारू. क्रांती, हिकडं ये. तुजी आई यायच्या आदी ह्या घरात पिसवा हुत्या का?"

क्रांती ओट्यावर उभी होती. डोक्यावर फडकं, पायात चपला नाहीत. अंगणात धूर भरला होता आणि ती डोळे बारीक करून बघत होती. शालन जाळापाशी, काठी हातात घेऊन. पूजाच्या खांद्यावर पोर रडायला लागली होती.

"न्हाई," क्रांती म्हणाली.

"मोट्यानं बोल."

"न्हाई, मामा. नव्हत्या."

शालननं काठी खाली ठेवली. लेकीचा चेहरा तिला नीट दिसत होता. क्रांतीच्या वरच्या ओठावर घाम आला होता. लहानपणी मार खायच्या आधी यायचा, तसा.

"माज्याच बोचक्यातनं आल्या आसतील," शालन म्हणाली. "शेळ्यांच्या. माज्या ध्येनात आलं न्हाई."

"बगा," लालासाहेब भिंतीपलीकडच्या बायकांना म्हणाले. "मानूस कबूल झालं की संपलं. आमी काय त्यांना हाकलत न्हाई."

फवारणी झाली. औषधाचा वास आंब्यापर्यंत पसरला. घर दोन तास बंद ठेवायचं होतं. तेवढ्यात चंद्राबाईनं बादलीत निंबाचा काढा कालवला, त्यात फिनेलची निम्मी बाटली ओतली आणि ती बादली परसातल्या धुण्याच्या दगडापाशी आणून ठेवली.

"इहीनबाई, घर झालं, कापडं झाली. आता तुमी तेवढ्या ऱ्हायलाय. बसा दगडावर. लुगड्यासकट बसा, त्येबी निघंल."

"मी घेते की न्हाणीत," शालन म्हणाली.

"न्हाणी आत्ताच फवारलीया."

शालन दगडावर बसली. परसाला आडोसा नव्हता. गोठ्यात आकाराम म्हशीला पाणी पाजत होता. तो तोंड फिरवून उभा राहिला. बायका कंपाउंडच्या भिंतीवरून वाकल्या. चंद्राबाईनं तांब्या क्रांतीपुढं धरला.

"तू घाल. तुजी आई हाय. मी घातलं तर त्यांना वाईट वाटायचं."

क्रांतीनं तांब्या घेतला. बाळंतीण बाई, अजून सव्वा महिना झाला नव्हता. तिनं बादलीत तांब्या बुडवला.

"डोळं मिट," ती म्हणाली.

पहिला तांब्या डोक्यावर पडला तेव्हा शालननं दगडाची कड धरली. दुसऱ्याला तिनं श्वास घेतला. फिनेल केसांच्या भांगातून कपाळावर आलं. डोळे घट्ट मिटले होते तरी पापण्यांच्या फटीतून आत गेलं. उकळत्या चादरींनी तिच्या हातांची कातडी आधीच सोलली होती, तिथं ते झोंबलं आणि तिची बोटं आपोआप आखडली. ब्लाऊज अंगाला चिकटला. भिंतीवरून कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं.

"क्येस सोडा," चंद्राबाई म्हणाली. "अंबाड्यात ऱ्हात्यात त्या."

शालननं अंबाडा सोडला. केस पातळ, अर्धे पांढरे झालेले. क्रांतीनं त्यावर सगळी बादली रिकामी केली. मग ती रिकामा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली आणि चंद्राबाई "झालं, जा आता पोरीकडं," म्हणाली तेव्हा भिंतीकडं चालायला लागली. मागं वळून तिनं बघितलं नाही.

दोन दिवसांत शालनच्या कपाळाची कातडी निघाली. डोळे लाल राहिले. तिला गोठ्याच्या कडेला खाट दिली होती.

इंद्रजितचा फोन आला. तो आधी आईशी बोलला, मग बायकोशी. क्रांतीनं "व्हय," "बरं," "सांगते," एवढंच म्हटलं. फोन ठेवून ती गोठ्याच्या दारापर्यंत आली. आत आली नाही.

"ह्ये म्हनत्यात, चार दिस गावाला जाऊन ये. उन्हाचा तरास हुतोय तुला."

"बारसं सोमवारी हाय."

"व्हय."

"चारच दिसावर हाय की गं."

क्रांती दाराच्या चौकटीतलं लाकूड नखानं खरवडत होती. "आत्याबाई म्हनत्यात, पावनं येनार हायत. कुनी काय इच्यारलं, बोललं, तर तुलाच वाईट वाटंल."

शालननं ओली लुगडी पिशवीत भरली. बोचकं बांधायला काही उरलं नव्हतं. निघताना ती ओट्याच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. चंद्राबाईनं दारातूनच चार भाकरी आणि चटणीची पुडी दिली. "पोचल्यावर फोन करा," ती म्हणाली. आत पोर जागी होती, तिचे हुंकार ऐकू येत होते. शालनला वाटलं, कुणीतरी तिला बाहेर आणेल. चप्पल घालायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावून ती चप्पल घालत राहिली. कुणी आणलं नाही.

आकारामनं तिला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडलं. विट्याची गाडी यायला वेळ होता. तो निघून गेला असता, पण गेला नाही. लिंबाखाली गाडी लावून उभा राहिला.

"ताई, त्ये कुत्र्याचं हाय," तो म्हणाला. "रोज मीच धुतो त्याला. अंगात बोट घातलं की बोटाला दहा येत्यात."

"मग त्या दिशी बोलायचं हुतं."

"चौदा वर्सं झाली मी तितं कामाला हाय." त्यानं टोपी काढून झटकली. "तुमी बी न्हाई बोलला."

गाडी आली. तिला डोळ्यांमुळं पाटी वाचता येईना, म्हणून आकारामनंच वाचून सांगितली आणि पिशवी वर दिली.

सोमवारी बारसं झालं. अंगणात मांडव, जेवायला शंभरावर माणूस. पाहुण्या बायका पाळण्याभोवती बसल्या होत्या आणि गाणी म्हणता म्हणता एकेकीचा हात खाली जाऊन घोट्याकडं पोचत होता. क्रांतीच्या आईची चौकशी झाली तेव्हा चंद्राबाई म्हणाली, "त्यास्नी बरं न्हाई." ज्यांनी ज्यांनी परसातलं बघितलं होतं त्या एकमेकींकडं बघून पुढचं गाणं म्हणायला लागल्या, ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांना त्यांनी घरी जाताना वाटेत सांगितलं.

बारशानंतर चार दिवसांनी रुस्तुमचं खाणं सुटलं. शर्यत जवळ आलेली. लालासाहेबांनी कराडहून जनावरांचा डॉक्टर गाडी करून आणला. तरुण डॉक्टर होता, बिचकणारा नव्हता. त्यानं कुत्र्याची शेपटी उचलली, केस मागं सारले आणि तो मागं सरकला.

"सुभेदार, पिसवांनी रक्त पिऊन टाकलंय ह्याचं. हिरड्या बघा, पांढऱ्या पडल्यात. किती महिने आहे हे? तुमच्या घरात माणसांना चावत नाहीत का?"

सोप्यात लालासाहेब, चंद्राबाई, आकाराम आणि पोरीला घेऊन क्रांती होती.

"काय करायचं सांगा," लालासाहेब म्हणाले.

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. अंघोळीचं औषध दिलं, ते आठ दिवसांनी परत. कांबळं आजच्या आज जाळायचं, जिन्याखाली आणि सोफ्याखाली पुन्हा फवारायचं. आकारामनं कांबळं जाळलं. ते सुकं होतं, भडकन पेटलं. पंधरवड्यात पोरीची पाठ कोरी झाली, डोळ्याखालचा डाग तेवढा राहिला. रुस्तुम दूध प्यायला लागला. ती शर्यत मात्र हुकली आणि त्या दिवशी लालासाहेब जेवले नाहीत.

घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. एकदा पूजा ताक न्यायला आली आणि म्हणाली, "काकी, पिसवा गेल्या वाटतं?"

"गेल्या की," चंद्राबाई म्हणाली. "इहीनबाई गेल्या, आन घर सुटलं बाई."

क्रांती ताक ओतत होती. तिनं तांब्या काठोकाठ भरून पूजाच्या हातात दिला.

शालनचा फोन मे महिना संपत आल्यावर आला. आधी दोनदा आला होता, तेव्हा चंद्राबाईनं उचलून क्रांती झोपलीय म्हणून सांगितलं होतं. या वेळी क्रांतीनंच उचलला.

"बरी हाईस?" शालननं विचारलं.

"बरी हाय. तुजं डोळं?"

"डाव्या डोळ्यानं जरा कमी दिसतंय. सिद्धू म्हनतो, कोइमतूरला ये, दाकवू. जाईन म्हनते. पोरगी?"

"हाय चांगली. मान धरती आता."

"नाव काय ठिवलं गं?"

महिना उलटून गेला होता. आपल्या आईला पोरीचं नाव कुणी सांगितलेलं नाही हे क्रांतीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ज्ञानदा," ती म्हणाली.

"काय?"

"ज्ञानदा. ह्यांच्या साहेबांच्या मुलीचं हाय तसं."

शालननं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. पहिल्यांदा तिला नीट जमलं नाही. "चांगलं हाय," ती म्हणाली. "हितं बाया इच्यारत हुत्या. मी सांगितलं, अजून ठिवलं न्हाई." पलीकडं टँकरचा हॉर्न वाजला, बायकांचा गलका झाला. "पानी आलंया. ठिवते. पिसवा गेल्या का गं?"

"गेल्या."

"कवा?"

त्या वेळी घरात कुणी नव्हतं. चंद्राबाई मळ्यात भुईमूग काढायला गेली होती. लालासाहेब कुत्र्याला घेऊन आकारामबरोबर धरणाच्या रस्त्याला होते. पोर पाळण्यात झोपलेली, मागचं दार आतून लावलेलं.

"तू गेलीस की लगीच," क्रांती म्हणाली.

"बरं झालं बाई," शालन म्हणाली, आणि हंडे घेऊन पळाली असावी, कारण फोन बंद करायचा राहून गेला. टँकरची धार पत्र्यावर आदळत होती, बायका भांडत होत्या. क्रांतीनं थोडा वेळ ऐकलं आणि मग आपल्या बाजूनं फोन बंद केला.